लाखोळीचं पाणी

त्या वर्षांत माझी बोटं कायम जांभळी असायची. डाळीचा अर्क कागदावर चढवायचा, तो कागद द्रावणात उभा ठेवायचा, मग वाळवून त्यावर निनहायड्रिन फवारायचं आणि भट्टीत धरायचं, की जिथे अमिनो आम्ल असेल तिथे जांभळा डाग उमटतो. कागदावर उमटतो तसा तो हातावरही उमटतो आणि साबणाने जात नाही. हातमोजे होते, पण ते जपून वापरायची वस्तू म्हणून कपाटात कुलूपबंद असत. धरमपेठेतल्या आमच्या घरी पाहुणे आले की आई मला चहा घेऊन बाहेर पाठवत नसे. लग्नाच्या मुलीचे हात असे का, हे लोकांना काय सांगायचं, असा तिला प्रश्न पडे. मला तो प्रश्न फार सोयीचा होता.

सत्तरीच्या दशकाची ती सुरुवात. एमएस्सी होऊन मी नागपुरातच जीवरसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे संशोधन सहायक म्हणून लागले होते. त्यांना सगळे सर म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणते. सरांचा विषय होता लाखोळी. ही डाळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायचं तर ती दिसायला तुरीच्या डाळीची चुलत बहीण. कुही, रामटेककडच्या पट्ट्यात धान कापायच्या आधीच बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातल्या, ओलीवर तिचं बी फेकून देतात. नांगर नको, खत नको, वरून पाणी नको. धान बुडालं तरी लाखोळी हाताला लागते. गरिबाला इतकं न मागता देणारं दुसरं पीक मी पाहिलेलं नाही.

फक्त तिच्यात एक विष असतं. चार घास खाऊन काही होत नाही. पण वाईट वर्षात, दुसरं काही नसताना, महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर काहींचे पाय आखडतात, आणि ते बहुधा तरण्याताठ्या, कष्टाच्या पुरुषांचे. पोटऱ्या कडक होतात. माणूस चवड्यांवर चालायला लागतो. मग हातात काठी येते, मग दुसरी येते, आणि शेवटी तो जमिनीवरून सरपटतो. गेलेले पाय परत येत नाहीत. त्यावर औषध तेव्हा नव्हतं आणि अजूनही नाही.

या डाळीच्या विक्रीला बंदी होती. बंदीचा परिणाम मी पाहिला तो एवढाच, की आमच्या भागातल्या बायका बेसन घेताना "लाखोळी तर नाही ना मिसळली?" असं विचारू लागल्या आणि दुकानदार गळ्याशपथ नाही म्हणू लागला. पिकवणारे पिकवत होते, खाणारे खात होते.

सरांचं म्हणणं साधं होतं. बंदीने कोणाचं पोट भरत नाही. हे विष पाण्यात विरघळतं. उकळत्या पाण्यात डाळ भिजत ठेवली, ते पाणी काढून फेकलं, पुन्हा एकदा तेच केलं आणि मग डाळ शिजवली, तर कागदावरचा डाग अगदी फिका पडतो. प्रयोगशाळेत आम्ही हे इतक्या वेळा पाहिलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता. मग हे घराघरातल्या चुलीवर का जमू नये? त्यासाठी कुही तालुक्यातलं एक गाव ठरलं आणि मी आठवड्यातून एकदा एसटीने तिकडे जाऊ लागले.

निघायच्या आधी सरांनी एक ताकीद दिली. गावात विष हा शब्द काढायचा नाही. आधी कोणी सरकारी माणसं तो शब्द बोलून आली होती. गाव हसलं होतं. आजे-पणजे हेच खाऊन गेले, ते काय विषाने मेले? शिवाय लोकांना भीती, की विष म्हटलं की उद्या उभं पीक उपटायला माणसं येणार.

"डाळ जड आहे म्हणा," सर म्हणाले. "जडपणा पाण्यात उतरतो, पाणी फेकलं की डाळ हलकी होते. एवढं पुरे."

"सर, पण हे खरं नाही."

"खोटंही नाही. तुम्हाला त्यांना रसायनशास्त्र शिकवायचंय की त्यांचे पाय वाचवायचेत?"

माझा स्वभाव शब्दाला शब्द लावणारा. पण सर सर होते, आणि त्यांचं बोलणं पटण्यासारखं होतं. मी जडपणावर समाधान मानलं.

गावातल्या बायकांत माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती ती माझ्याच वयाची एक शेतकरीण. पदरात दोन लहान लेकरं, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. मी तिला वहिनी म्हणत असे. पहिल्याच दिवशी माझे हात पाहून म्हणाली, "बाई, थंडीच्या दिवसात जांभळं कुठून खाऊन आल्या वं तुमी?" मी कारण सांगायला लागले तर ती ऐकायला थांबलीसुद्धा नाही, डाळ भिजत घालायला आत गेली.

तिचं घर आम्ही मुद्दाम निवडलं होतं. तिच्या नवऱ्याच्या पोटऱ्या नुकत्या आखडायला लागल्या होत्या. स्वतःची थोडी बांधी आणि बाकी दुसऱ्याच्या शेतावरची कामं, असा त्यांचा संसार. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना तो अडखळायचा, सकाळी उठला की पाय सरळ व्हायला वेळ लागायचा. पण अजून काठी नव्हती. ती येऊ द्यायची नाही, असा वहिनीने पण केला होता. माझाही तोच पण होता. बाकीच्या घरांतून आम्ही आकडे गोळा करत होतो. या घरात आम्हाला एक माणूस वाचवायचा होता.

ती सांगितलेलं इतकं काटेकोर करायची की मला प्रयोगशाळेतल्या मुलांची लाज वाटे. मी न सांगता जाऊन तिच्या पातेल्यातली डाळ नमुना म्हणून आणायची. कागदावरचा डाग प्रत्येक वेळी फिका. बाहेरगावाहून कोणी प्राध्यापक आले की सर आधी तिच्याच घरचा कागद काढून दाखवायचे. गावातली लेकरं ठीक होती, म्हातारी माणसं ठीक होती. आणि तिच्या नवऱ्याचे पाय दर महिन्याला वाईट होत चालले होते. पावसाळा लागेपर्यंत त्याच्या हातात काठी आली.

सर आधी म्हणाले, तो दुसऱ्याच्या शेतावर जेवत असेल. मी चौकशी केली. तो दुपारची शिदोरीसुद्धा घरूनच न्यायचा. मग ते म्हणाले, "तुम्हाला नमुना देण्यापुरतीच ती डाळ धूत असेल. रोजचं वेगळं शिजत असेल." खरं म्हणजे माझ्याही मनात तेच आलं होतं. मला तिचा राग आला. इतके महिने ही बाई आपल्याला वेड्यात काढते आहे, आणि तेही स्वतःच्या नवऱ्याच्या पायांवर, असं वाटून मी एसटीत बसल्या बसल्या धुमसत होते.

रोवणीचे, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायचे दिवस होते. मी पोचले तेव्हा ती घाईत जेवण उरकून शेतावर निघायच्या बेतात होती. मला पाहिल्यावर मात्र तिने ताट वाढायला घेतलं. नको म्हणून भागणार नव्हतं. गरम भात, लाखोळीचं वरण, आंबाडीची भाजी, आणि सगळ्याच्या आधी एका वाटीत पातळ, पिवळट असं काहीतरी, वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. मी एक घोट घेतला. चवीला सुरेख होतं. दुसरा घेतला.

"वहिनी, हे कशाचं?"

"डाळीचं पानी हाय ना बाई. तेच, जे तुमी काढाले सांगतलं."

वाटी माझ्या हातातच राहिली.

"ते फेकायचं सांगितलं होतं मी."

"फेकाचं काहून?" तिला माझीच कीव आली असावी. "तुमीच तं सांगतलं, डाळीतला जडपना पान्यात उतरते म्हून. लेकराइले जड सोसत नाई, बुढ्याइले सोसत नाई. हलकी डाळ त्याइले. पन कमावत्या मानसाले जडच पायजे ना! दूध जड, तूप जड. ते आमाले कुठून भेटन? मंग हे पानी देतो त्याइले. सकाळी देतो, संध्याकाळी देतो. त्याच्या पायात ताकद नाई राह्यली ना बाई. आज तुमी पाव्हन्या, म्हून तुमच्या पुढ्यात ठेवलं. नाईतं लेकराइले हातबी लावू देत नाई मी."

दोन घोटांनी काही होत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी ती वाटी मी खाली ठेवली. घरातल्या सगळ्यांच्या वाट्याचं विष ती रोज डाळीतून नीट बाजूला काढत होती, आम्ही शिकवल्याप्रमाणे, एक थेंब न सांडता, आणि ते एकाच माणसाला पाजत होती. आमची पद्धत अचूक होती. म्हणूनच तर त्याच्या हातात काठी आली होती.

तेवढ्यात रोवणीच्या बायकांनी बाहेरून हाका मारल्या. टोळी निघाली होती, मागे राहिलं तर दिवसाची मजुरी बुडते. "जेवून घ्या बाई, लाजू नोका," म्हणून ती पदर खोचत गेलीसुद्धा. मी हात धुऊन बाहेर आले. तिचा नवरा ओट्यावर बसून दोर वळत होता. चिखलात उभं राहणं आता त्याला जमत नव्हतं. मी त्याच्यासमोर बसले आणि सरांची ताकीद मोडून विष हा शब्द उच्चारला. सगळं सांगितलं, वाटीतल्या पाण्यासकट.

तो ऐकताना दोर वळतच राहिला. शेवटी त्याने विचारलं, "आता सोडलं तं पाय येतीन का वापस?"

"नाही भाऊ. पण आहेत तिथे थांबतील, असं वाटतं."

"मंग तिले मी सांगतो. तुमी नोका सांगू. बायको माही हाय."

हे मला रास्त वाटलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंही वाटलं. मी शेवटची एसटी पकडली.

सरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जडपणा हा शब्द मी निवडला होता." पुढच्या आठवड्यात ते स्वतः माझ्याबरोबर गावात आले. घरोघरी सांगितलं, काढलेलं पाणी कोणी पिऊ नका, जनावराला देऊ नका, उकिरड्यावर ओता. पण विष म्हणायला ते अजूनही धजत नव्हते. आता तो शब्द उच्चारला तर लोक डाळ टाकणार नाहीत, आपल्याला गावाबाहेर टाकतील, असं त्यांचं म्हणणं. बायकांनी माना डोलावल्या. वहिनीही म्हणाली, "हो, त्याइनं सांगतलं मले. पानी बंद केलं मी." ती नेहमीसारखीच हसून बोलली. मला त्याचं जरा नवल वाटलं. एवढं कळल्यावर बाई हसते कशी? मग मनात म्हटलं, प्रत्येकाची सोसायची तऱ्हा वेगळी. आणि तो विषय मी तिथेच सोडला.

पाय थांबले. थंडी गेली, तो एका काठीवरच राहिला, दुसरी आली नाही. दर खेपेला मी त्याला अंगणात चालून दाखवायला सांगायची आणि तो चालून दाखवायचा. सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. मीही खूश होते. माणूस पूर्ण वाचला नाही, पण अर्धा तरी वाचला, असा हिशेब मी मांडला होता.

होळीच्या सुमारास नवी लाखोळी घरात आली. त्या खेपेला मी शेजारच्या घरी नमुना घ्यायला शिरले. वहिनीचं आणि ते घर लागून, मधे नुसता एक कूड. तिथे एक म्हातारी आणि तिचा एकुलता मुलगा राहायचा. बाप नुकता गेलेला, त्यामुळे नांगर आता त्या तरण्या मुलाच्या खांद्यावर. चुलीच्या वैलावर एक पातेलं झाकलेलं होतं. झाकण काढलं तर लसणाचा वास आला.

"आजी, हे पाणी कोणासाठी?"

"पोरासाठी. अजून काई झालं नाई त्याले, पन आधीच दिलेलं बरं."

"पिऊ नका म्हणून सांगितलं होतं ना आम्ही?"

"तुमी सांगतलं, खरं हाय. पन बाजूचीनं पाजलं अन् तिचा मानूस उभा राह्यला ना! तिच्या घरचा रोग निघून गेला, म्हून मंग तिनं पानी बंद केलं. तिच्या मानसानंच तं तिले सांगतलं, का तुया पान्यानं मी वाचलो, आता गरज नाई. ती साऱ्या गावाले सांगून राह्यली."

कूड ओलांडता आला असता तर मी तसंच केलं असतं. दारातून फिरून गेले. तो ओट्यावरच होता. इतके महिने या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती. माझा आवाज चढला, तो मला आवरता आला नाही.

"तुम्ही वहिनीला काय सांगितलं होतं?"

त्याने आधी आत पाहिलं. ती विहिरीवर गेली होती.

"काय सांगू बाई? सकाळी उठून पयले माह्यासाठी फोडनी देये. लेकरू रडलं तरी त्याले थेंब नाई देये. वाटी माह्या हातात देऊन पुढ्यात बसून राहे, मी पूर्न पेतो का नाई ते पाहाले." त्याने काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "माहे पाय तं गेलेच. आता तिचे हात काहून तोडू मी?"

आजही मला त्याचं चूक होतं असं म्हणता येत नाही. पण पलीकडे वैलावर पातेलं होतं, आणि त्या मुलाचे पाय अजून धड होते.

ती डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड घेऊन अंगणात आली. मी गुंड उतरवायला हात लावला आणि तिला ओट्यावर बसायला सांगितलं. "बाई, नोका," तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. जे त्याला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत, तिला सांगितलं. सांगताना माझा आवाज प्रयोगशाळेत बोलते तसा कोरडा होता. दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते सांगताच आलं नसतं. मी हेही सांगितलं की शब्द आमचा चुकला, तिचा नाही.

ती नवऱ्याकडे वळली.

"तुमाले मालूम होतं?"

तो खाली बघत राहिला.

"रोवणीपासून?"

त्याने होकाराची मान हलवली.

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर माझ्या अंगावर येईल. दोन्हीची माझी तयारी होती. तिने ओलं लुगडं पिळलं, पदर खोचला आणि शेजारच्या दारात शिरली. मी मागोमाग गेले. तिने वैलावरचं पातेलं तसंच गरम उचललं, बाहेर आणलं आणि उकिरड्यावर उपडं केलं. म्हातारी ओरडत बाहेर आली, "अवं, काय करून राह्यली! येडी झाली का वं?" तिचा मुलगाही गोठ्यातून धावत आला.

रिकामं पातेलं तिने म्हातारीच्या हातात दिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विष हाय ते. मी माह्या मानसाले माह्या हातानं बसवलं. तू तुया पोराले नोको बसवू."

मग ती पुढच्या घरी गेली, आणि तिथेही तेच म्हणाली, आणि तिथून त्याच्या पुढच्या घरी. ओट्यावर तिचा नवरा काठी टेकून उभा राहिला होता. तो तिला हाका मारत होता, "अवं, बस झालं, ये घरी." त्याला तिच्यामागे जाता येत नव्हतं.